भिंतीनं पोट काढलं

मिस्त्रीच्या नाकावर राग आहे, असं लोक म्हणायचे. ते काही खरं नाही. नाकावरचा राग निदान समोरून दिसतो, माणूस वेळेवर बाजूला होतो. या गवंड्याचा राग अंगभर मुरलेला होता. ओळंबा सोडताना तो दोरीवर चिडायचा, दोरी हलली म्हणून वाऱ्यावर चिडायचा, आणि वारा पडला की जवळ जो उभा असेल त्याच्यावर. सकाळी चहा गार म्हणून ओरडायचा, दुसरा कप आला की जीभ भाजली म्हणून. गवंडी, बिगारी, सुतार, फरशीवाले, सगळे त्याला तोंडावर मिस्त्री म्हणायचे आणि पाठ फिरली की भडका. त्यालाही ते ठाऊक होतं. ठाऊक असून वाईट वाटायचं नाही, उलट आतून थोडं बरंच वाटायचं, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच होतं.

कारण भडका उगाच भडकायचा नाही. म्हणजे निम्म्या वेळा उगाचच भडकायचा, पण उरलेल्या निम्म्या वेळा त्याचं खरं निघायचं आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहायचं. तरुणपणी एका मोठ्या इमारतीवर काम चालू असताना बाजूच्या गवंड्यानं मालात कपडे धुवायची पूड घातली होती. विटांच्या मधे जो सिमेंट-वाळूचा लगदा भरतात त्याला या धंद्यात माल म्हणतात. नुसत्या सिमेंट-वाळूचा माल आडमुठा असतो. थापीवरून सरकत नाही, विटेवर पसरत नाही, वाळू खाली बसते आणि पाणी वर येतं. त्यात साबण पडला की तोच माल लोण्यासारखा फिरतो, मनगटाला आराम. पण तो सगळा फेस. आत नुसते फुगे, वाळल्यावर नखानं उकरला तरी भुगा पडावा. भडक्यानं सांध्यात बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि ते भरलेलं घमेलं परांचीवरून असं भिरकावलं की खाली उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलीचा आरसा गेला. ठेकेदार शिव्या देत वर आला. मग त्यानं स्वतःच्या किल्लीनं सांधा कोरून बघितला, तोंड कडू केलं आणि भिंत पाडायला सांगितली. त्या दिवसापासून या आवाजाला भाव आला. जिथं भडका ओरडतो तिथलं काम चोख, असं घरं बांधणारे एकमेकांना सांगू लागले. दुसऱ्या कुणाच्या दारावर नावाची पाटी असते, याचा आवाजच पाटी झाला.

आता माणसाला एकदा कळलं की आपल्या ओरडण्याला लोक गुण समजतात, तर तो गप्प कशाला बसेल? तो घरीही ओरडायचा. बायको मुरलेली होती. त्याचं तोंड सुटलं की ती भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच पुन्हा घासायची, आणि त्या खडखडाटात त्याचं निम्मं बोलणं वाहून जायचं. मुलीकडे भांडी नव्हती. एकुलती एक पोर, तिला लहानपणापासून एक वेगळीच सवय लागली. वाक्य सुरू करायचं, बापाच्या भुवईकडे बघायचं, आणि भुवई चढली की उरलेलं वाक्य गिळून टाकायचं. अशी कितीतरी अर्धी वाक्यं त्या घरात पडून होती आणि ती उचलायला कुणी कधी वाकलं नाही.

पण हात बापाचा घेऊन आली होती. आधी विटा द्यायला म्हणून कामावर जायची, मग सांधे भरायला बसली, मग एक दिवस कोपरा उचलला. त्यानं तिला शिकवलं असं म्हणता येणार नाही. तो ओरडत राहिला आणि ती शिकत राहिली. बायकांनी घमेली उचलायची, थापी धरायची नाही, असं कुणी म्हणालं की मात्र भडका त्या माणसाचे असे वाभाडे काढायचा की तो पुन्हा त्या रस्त्यानं फिरकायचा नाही. पोरीला त्याचा तेवढाच राग आवडायचा. तो दुसऱ्यांसाठी असायचा ना.

पुढे मिस्त्रीचा गुडघा गेला. परांचीवर चढणं बंद झालं, उकिडवं बसणं बंद झालं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. हा रोज कामावर यायचा, रंगाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर बसायचा आणि बसल्या जागेवरून तोंड चालवायचा. विटा लेक लावायची. लोक म्हणायचे, भडक्यानं काय सुरेख भिंत उचलली. तिला नावच नव्हतं, ती भडक्याची पोरगी होती, आणि तिशी उलटली तरी पोरगीच होती.

म्हणून बेकरीवाल्याचं काम आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत चमक आली. बेकरीच्या मागच्या अंगणात पिठाची पोती ठेवायला पत्र्याची शेड होती. तिथं ओल यायची, पीठ खराब व्हायचं. बेकरीवाल्याला पक्कं गोदाम हवं होतं आणि त्यावर राहायला दोन खोल्या. तो मिस्त्रीशी न बोलता थेट तिच्याशी बोलला.

"ताई, आधी मागची एक भिंत बांधून दाखवा. सरळ उभी राहिली तर पुढचं सगळं काम तुमच्या नावानं. मिस्त्री आता थकले, हे काय मला दिसत नाही?"

तुमच्या नावानं. घरी येईपर्यंत ती ते दोन शब्द मनात घोळवत होती. त्या एका भिंतीवर तिचं सगळं होतं. ती उभी राहिली तर ती मिस्त्री, पडली तर जन्मभर भडक्याची पोरगी. हे तिला कळत होतं, आईला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर बापालाही कळत होतं. आपल्याला थकलेला म्हटलं म्हणून तो दोन दिवस धुमसला, पण बायकोला हळूच म्हणाला, "पोरीचं काम व्हायला पाहिजे." हे तो पोरीला म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बांधकामाच्या सामानाच्या दुकानात त्या आठवड्यात कारखान्याचा एक माणूस नवी पावडर दाखवायला आला होता. लेकीनं उभं राहून सगळं बघितलं, हातानं माल कालवून बघितला, त्याला नाही नाही ते प्रश्न विचारले आणि एक पिशवी घेऊन आली. मिस्त्री अंगणात बसला होता. पिशवी बघूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आणलंस?"

"पावडर आहे बाबा, मालात घालायची. चिमूटभरच लागते. माल मऊ राहतो, पाणी धरून ठेवतो, लवकर मरत नाही."

"साबण!"

"साबण नाही हो. फेस नाही होत हिचा. तुम्ही पूर्वी मालात चुना घालायचात ना, त्यानं जे व्हायचं तेच—"

"चुन्याचं नाव काढू नकोस! चुना मी खड्ड्यात मुरत ठेवायचो, घोटायचो, डोळे जायची पाळी यायची. पुडी फाडून ओतली म्हणजे गवंडीकाम झालं? उद्या म्हणशील भिंतच पुडीत मिळते, पाणी घाला आणि उभी करा!"

शेजारच्या खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आपला विनोद लागू पडला म्हणून भडक्याला आणखी जोर चढला.

"बाबा, एकदा पूर्ण ऐकून घ्या. ही घातली की विटा—"

"मला विटा शिकवतेस? मला?" तो डब्यावरून उठला, गुडघा कळवळला तसा पुन्हा बसला, आणि त्या कळेचा रागही तिच्यावरच निघाला. "तुझं काम, तुझी पावडर, तुझी भिंत! मी तुझ्या एका विटेला बोट लावलं ना, तर बापाचं नाव लावणार नाही!"

हे सगळ्या आळीनं ऐकलं. लेकीनं भुवईकडे बघितलं, उरलेलं वाक्य गिळलं आणि पिशवी घेऊन आत गेली.

आत आई कढई घासत होती. तिनं हात थांबवला. "विटांचं काय म्हणत होतीस?"

"अगं, कोरडी वीट तहानलेली असते. मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल जागीच मरतो, घट्ट होऊन बसतो. म्हणून बाबा विटा भरपूर भिजवून घेतात. ही पावडर मालातलं पाणी विटेला घेऊच देत नाही. म्हणून हिच्याबरोबर विटा भिजवायच्या नाहीत, नुसता पाण्याचा हात फिरवायचा. दोन्ही केलं तर पाणी जाणार कुठं? माल ओलाच राहणार आणि विटा त्यावर तरंगणार. वरच्या थरांचं ओझं आलं की भिंत फुगते."

"मग हे त्यांना सांग की."

"तू सांग."

दोघी हसल्या. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका घरात तीन माणसं, त्यातल्या दोघांना एक गोष्ट माहीत, ती तिसऱ्याच्या हिताची, आणि ती सांगायची कुणाची छाती नाही! बाहेर मिस्त्री अजून पुडीतल्या भिंतीवर बोलत होता. त्याच्याच आवाजात त्याला आतलं काही ऐकू आलं नाही.

भिंतीच्या दिवशी उजाडताच तो लंगडत बेकरीच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. बोट लावणार नव्हता, पण डोळे लावायला कुणाची बंदी होती? पाया तयार होता, दोरी ताणलेली होती, वाळू चाळून ठेवली होती. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो थोडा हिरमुसला. मग त्याचं विटांकडे लक्ष गेलं. विटांचा ढीग कोरडा ठणठणीत.

 विसरली! पुड्यांच्या नादाला लागून पोरगी विटा भिजवायला विसरली! आता माल विटेवर टेकला की मरणार, सांधे उघडे पडणार, आणि बेकरीवाला म्हणणार, ताई, राहू द्या. त्याला पोरीचा संताप आला, आणि संतापाच्या खाली तिच्याबद्दल काळजी होती, ती त्याला संतापासारखीच वाटली, कारण त्याला दुसरं काही ओळखताच येत नव्हतं. घरी जाऊन सांगावं तर सगळ्या आळीसमोर शपथ घेऊन बसलेला, कमीपणा आला असता. रागीट माणसाला शपथा फार, आणि चोरून मोडायलाही वेळ लागत नाही. मग त्यानं नळाला लावलेली रबरी नळी ओढली, ढिगावर सोडली आणि विटा काळपट होऊन खालून पाणी वाहू लागेपर्यंत सोडूनच ठेवली. वरच्या उलट्या केल्या, खालच्या वर काढल्या. आयुष्यभर असंच करत आला होता तो, आणि कधी चुकलं नव्हतं. नळी गुंडाळून जागेवर ठेवली, डबा उपडा घातला आणि काही झालंच नाही अशा तोंडानं बसला. संध्याकाळी भिंत उभी राहिली की मग सगळ्यांसमोर सांगणार होता, विटा कुणी भिजवल्या ते. बापाची माया होती ती, नाही कोण म्हणतंय? पण टोमणा आधीच तयार करून ठेवला होता.

लेक आली. बरोबर माल कालवणारा बिगारी, उंचीमुळं सगळे त्याला लांब्या म्हणायचे. तिनं माल बघितला, थापीवर घेऊन थापी उलटी केली. माल पडला नाही. तिनं पहिली वीट उचलली आणि तिचा हात हवेतच थांबला. तिनं ती वीट तळहातावर तोलली. ढिगाकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं.

"काय झालं?" भडका म्हणाला. भुवई चढलीच होती. "वीट कधी बघितली नाहीस?"

बेकरीतली दोन माणसं दारात उभी राहून हसली. लेकीनं वीट खाली ठेवली. लांब्याला जवळ बोलावून हळू आवाजात काही सांगितलं, आणि त्यानं पुढच्या मालात पाणी कमी केलं. वीट तिनं लावली.

दिवसभर ती सावकाश काम करत राहिली. दर थरानंतर लांबून बघायची, ओळंबा सोडायची, पुन्हा बघायची. बापाला ती चाल बघवेना. त्याच्या हातात थापी असताना विटा कशा पळायच्या! दुपारपर्यंत भिंत कमरेला लागली. तिनं थापी घमेल्यात टाकली आणि दोरी गुंडाळायला घेतली.

"आज इथंच थांबू," ती म्हणाली. "उद्या वरचं."

"कमरेला?" भडका गरजला. "अर्धा दिवस पडलाय आणि कमरेला थांबतेस? तुझ्या वयाचा असताना मी याच वेळेला डोक्याच्या वर गेलेला असायचो. पावडर मालात घातलीस की स्वतः खाल्लीस? हात गळाले का?"

दारातली माणसं आता चार झाली होती. भडक्याचं बोलणं ऐकायला मिळतं म्हणून कामं टाकून आली होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं.  मग तिनं दोरी पुन्हा सोडली, एक थर वर बांधली आणि थापी उचलली. ऊन कलेपर्यंत भिंत खांद्याच्या वर गेली.

पहिल्यांदा बापालाच दिसलं. तिरपं ऊन भिंतीवरून घसरत होतं आणि मधोमध सावली पडली होती, जिथं पडायला नको होती तिथं. भिंतीनं पोट काढलं होतं. खालच्या सांध्यांतून माल ओठासारखा बाहेर आला होता, विटा खाली बसत होत्या, आणि ओळंबा सोडायचीही गरज नव्हती, आंधळ्यालाही दिसलं असतं. लेकीनं दोन्ही हात भिंतीला लावले. मग काढून घेतले.

गडबड ऐकून बेकरीवाला पिठाच्या हातांनीच बाहेर आला. भिंतीकडे बघितलं आणि मिस्त्रीकडे वळला. लेकीकडे नाही, मिस्त्रीकडे. "हे काय हो?"

इथं भडक्यानं श्वास घेतला असता, एकदा सांध्यात बोट घातलं असतं, तर? पण त्याला बोट घालायची गरजच काय? त्याला आधीच माहीत होतं.

"सांगितलं होतं!" त्याचा आवाज भट्टीपर्यंत गेला. "घसा फोडून सांगितलं होतं! पुड्या ओतल्या की हेच होतं! मनगटाला कष्ट नकोत, मालाला नुसतं लोणी पाहिजे! ज्याला मालाची चाड नाही त्यानं थापीला हात लावू नये, मग ती माझी पोर का असेना!"

 लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बेकरीवाल्यानं हात झटकले, पीठ उडालं. "मिस्त्री स्वतःच्या पोरीबद्दल खोटं कशाला बोलतील?" तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. "ताई, ही काढून टाका. पुढचं राहू द्या. मी बघतो कुणीतरी."

माल अजून ओला होता, त्यामुळं पाडायला घण लागला नाही. लेक आणि लांब्या एकेक वीट हातानं उचलत होते, थापीनं खरवडत होते, बाजूला रचत होते. भडका डब्यावर बसून राहिला. त्याच्या पायाशी मालाचा एक गोळा येऊन पडला. त्यानं तो सवयीनं उचलला, बोटांत चोळला, वास घेतला. साबणाचा वास नव्हता. फेस नव्हता. फुगे नव्हते. माल जड होता, गुळगुळीत होता, सकाळपासून कालवलेला असूनही पाणी सुटलं नव्हतं. असा माल त्याला त्याच्या चुन्याच्या दिवसांतही रोज जमला नव्हता. हे कळल्यावर तो आणखी चिडला.

"मालाला तर काही झालेलं नाही!" तो ओरडला, जणू मालानंच त्याला फसवलं होतं. "मग फुगली कशी?"

लांब्या वाळूच्या ढिगामागे सटकला. लेकीनं हातातली वीट खरवडून ठेवली.

"विटा कुणी भिजवल्या?"

"मी भिजवल्या! सकाळी येऊन मी भिजवल्या, कोरड्या टाकल्या होत्यास म्हणून! मी नसतो तर—"

"कोरड्याच ठेवायच्या होत्या, बाबा." तिचा आवाज थंड होता. ती ओरडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. "पावडर विटेला पाणी पिऊ देत नाही. वीट आधीच पोट भरून प्यायलेली, मालातलं पाणी मालात. सुकायला जागाच नाही. त्या दिवशी अंगणात हेच सांगत होते. तुम्ही मधेच तोडलंत."

भडक्यानं हातातला गोळा खाली टाकला. मालातला माणूस होता, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आधी सगळं डोक्यात उतरलं, मग पोटात. मग बुडणाऱ्यानं हाताला येईल ते धरावं तसं त्यानं पुन्हा रागालाच धरलं.

"आणि तुला कळलं नाही? वीट हातात घेतल्यावर कळत नाही तुला?"

"पहिल्याच विटेला कळलं."

"मग लावल्यास कशाला? थांबायचं! फेकून द्यायच्या विटा! माझ्या तोंडावर सांगायचं!"

"तुम्ही समोर बसला होतात ना," ती म्हणाली आणि पुढची वीट उचलली.

घरी त्या दिवशी आई भांड्यांपाशी गेली नाही. गरजच पडली नाही.

सकाळी मिस्त्री बेकरीत गेला. बेकरीवाला लांब टेबलावर मैदा मळत होता, दोन माणसं पाव भट्टीत सरकवत होती. मिस्त्रीनं रीतसर सांगितलं, त्याच्या मते हळू आवाजात सांगितलं. विटा मी भिजवल्या. पोरीचा माल चांगला होता. तुम्हीच बघा, मैद्यात मापात पाणी घातलंय आणि माझ्यासारखा कुणी चोरून आणखी तांब्या ओतून गेला, तर पाव बसेल की नाही? त्यात मळणाऱ्याचा काय दोष?

बेकरीवाल्यानं ऐकून घेतलं. मळता मळता मान हलवली. मग हसला, आणि चांगलं हसला, वाईट बुद्धीनं नाही.

"बापाचं काळीज, मिस्त्री. मलाही पोरी आहेत."

"काळीज नाही, चूक आहे. माझी."

"काल तर चारचौघांत सांगितलंत."

"न बघता बोललो."

"तुम्ही? न बघता?" बेकरीवाल्यानं भट्टीवाल्यांकडे बघून डोळे मिचकावले. "सगळी दुनिया सांगते, भडक्याचं ओरडणं खोटं पडत नाही. आणि आज तुम्ही मला सांगता की तुम्हाला विटा भिजवता येत नाहीत? जाऊ द्या. पोरीला पाठीशी घालताय, मी काही मनात धरत नाही."

तेव्हा मिस्त्रीच्या आत असं काही तापलं जे आजवर तापलं नव्हतं. आजवर तो दोरीवर चिडला होता, वाऱ्यावर चिडला होता, बायको-पोरीवर चिडला होता. आज पहिल्यांदा तो ज्याच्यावर चिडायला हवं होतं त्याच्यावर चिडला होता, आणि तो माणूस त्याच्याच चपलेत उभा होता. त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की मैद्याचा लोट छताला गेला.

"माझी चूक!" तो गरजला. शिरा फुगल्या, आवाज फाटला. "तिची नाही, माझी! मी घात केला तिचा! आधी विटा भिजवून केला, मग तोंडानं केला! ऐकू येतंय का? तिचं काम तिला द्या!"

भट्टीवाले हातातलं टाकून बघायला लागले. एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "भडका तापला!" आणि दोघांनी हसू दाबलं. बेकरीवाल्यानं अंगावरचं पीठ झटकलं. त्याचा चेहरा खुलला होता.

"हा आवाज! याला म्हणतात मिस्त्री!" तो म्हणाला. "सांगू का, गोदाम तुम्हीच करा. परांचीवर चढू नका, खुर्ची देतो, बसून फक्त ओरडा. तुम्ही ओरडलात की काम चोख होणार, मग थापी कुणीही धरो. ताईंनाही ठेवा हवं तर. घमेली उचलायला."

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं, त्या दोघांकडे बघितलं. आणखी ओरडता आलं असतं. पण आणखी ओरडलं तर ते आणखी खूश होणार होते. आयुष्यभर जो आवाज कमावला तो आता करमणुकीपुरता उरला होता, आणि त्यातले शब्द कधीच कुणी ऐकत नव्हतं.

"मला नको तुमचं काम," तो म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

अंगणात लेक होती. हत्यारं न्यायला आली होती, थापी, ओळंबा, दोरी, सगळं एका गोणपाटात बांधत होती. भिंतीच्या जागी नुसता पाया उरला होता. बेकरीचं दार जाड, आतला आवाज तिच्यापर्यंत आला होता, शब्द आले नव्हते. तिनं गाठ मारली, ओढून घट्ट केली आणि वर न बघताच विचारलं, "आता काय चुकलं माझं?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं. तिनं तेवढ्यापुरतं वर बघितलं, आणि ते उघडलेलं बघूनच मान पुन्हा खाली घातली.